दाजींचं परराष्ट्रधोरण

सदर इसमाचे वय अठ्ठावन्न, उंची बेताची, डोळ्यांना चष्मा, चष्म्याला दोरी. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर वाळलेल्या खळीचा पापुद्रा, तो पूर्ण निघालेला एकतीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही. धंदा: पृथ्वीगोल चिकटवणे. जोडधंदा: जगाचा कारभार. धोरण: कणखर. माघार घेतल्याची नोंद: आढळत नाही. निर्बंध लादण्याचे अधिकार: पूर्ण, अंमलबजावणी मात्र घरून होते.

कारखान्यात त्याला परराष्ट्रमंत्री म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तो ओ देतो. कारखाना म्हणजे शाळांना लागणारं सामान बनवणारी एक लांबट शेड. एका टोकाला फायलींचे पुठ्ठे कापले जातात, दुसऱ्या टोकाला पृथ्वी तयार होते. कागदाच्या लगद्याचा पोकळ गोळा आणि त्याच्यावर छापील नकाशाच्या बारा पाकळ्या. पाकळ्यांचे बारा खण ओळीनं मांडलेले. आकडे पाकळ्यांच्या कडेला असतात आणि कड कापून टाकायची असते, त्यामुळे मंत्री आकड्यांच्या भानगडीत पडत नाही. हात डावीकडून उजवीकडे जातो, जग पश्चिमेकडून पूर्वेकडे उलगडत येतं. एका गोळ्याला पाऊण तास.

मग गोळा पलीकडच्या टेबलावर जातो. तिथं त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वॉर्निश मारतो. गोळा देताना मंत्र्यानं म्हणायचं, "बघ." मेहुण्यानं गोळा एकदा पूर्ण फिरवायचा आणि म्हणायचं, "बघितलं." त्यानंतरच ब्रश डब्यात बुडायचा. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून बावीस वर्षं बिनबोभाट पाळला गेला.

जग चिकटवणाऱ्या माणसाला जगाबद्दल मतं असणार, यात नवल नाही. मंत्र्याचं मूळ मत धंद्यातून आलेलं आहे: देशांनी फुटू नये. एक देश फुटला की छापील तक्त्यांचा अख्खा गठ्ठा रद्दीत जातो. त्यावर त्यानं पुढची इमारत उभी केली आहे. जगाला एक खमका पंच लागतो. सगळ्यांनी त्याला शिव्या द्याव्यात, पण शिट्टी त्याच्याकडे असावी. मेहुण्याचं म्हणणं, ते दिवस गेले. आता मधल्या फळीतले देश एकाकडून तेल घेतात, दुसऱ्याकडून तोफा, आणि तिसऱ्याच्या घरी जाऊन दोघांबरोबर फोटो काढतात. हे दोघं हा वाद रोज चहाला घेत. एकध्रुवीय की बहुध्रुवीय यावर एकदा आवाज इतका चढला की मालकीणबाई बाहेर आल्या.

"तुम्हाला किती ध्रुव हवेत ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे गोळ्याला भोकं दोनच पाडतात."

त्याच मालकीणबाईंनी एका सोमवारी दोघांना बोलावून घेतलं. शाळांसाठी दीडशे गोळ्यांची मागणी आली होती. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तोवर तयार झालेला माल बघायला तपासनीस येणार होते. "हा माल परत आला तर गोळ्यांचं खातं बंद," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिकचे तयार गोळे बाहेरून मागवीन. मग तुम्ही दोघं फायलींवर."

एकतीस वर्षं महासागरावरून हात फिरवलेल्या माणसानं उरलेलं आयुष्य पुठ्ठ्याला कापडी पट्टी लावण्यात घालवायचं! असं कोंडीत सापडलेलं मंत्रिमंडळ सहसा एकजुटीनं काम करतं. इथं त्याच दिवशी चहाला युद्ध झालं.

निमित्त कुठल्याशा परिषदेचं होतं. बड्या देशाचा माणूस बोलत असताना निम्मे पाहुणे फोनमध्ये डोकं घालून बसले होते, अशी बातमी मेहुण्यानं वाचून दाखवली.

"बघा दाजी, तुमच्या पंचाची शिट्टी वाजते, पण खेळाडू आपापसात गप्पा मारतायत."

"तुला काय कळतं रे? तू वरून चकाकी मारणारा. आतलं मी बघतो. चकाकीवाल्यानं आतल्या गोष्टीत पडू नये."

मेहुणा कप ठेवून उठला. तिथून बोलणं बंद.

घरी मंत्र्यानं निर्बंध जाहीर केले. रोज तो दोन डबे आणायचा, एक स्वतःचा, एक मेहुण्याचा. कारण मेहुणा एकटा राहतो आणि त्याच्या ताईचा त्याच्या स्वयंपाकावर विश्वास नाही. "उद्यापासून त्याचा डबा मी नेणार नाही," मंत्री म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं एकच डबा दिला. दुप्पट मोठा. मंत्री अर्धं जेवून डबा खिडकीत ठेवायचा आणि हात धुवायला जायचा. मेहुणा तेवढ्यात येऊन उरलेलं संपवायचा. कोणीही कोणाला काहीही दिलेलं नव्हतं. खिडकीत ठेवलेली अर्धी भाजी हाच त्या काळात उभयपक्षी संपर्काचा एकमेव मार्ग होता, आणि भाजी बरोबर अर्धीच असायची.

काम चालू होतं. फक्त गोळा देताना "बघ" नव्हतं आणि घेताना "बघितलं" नव्हतं. मंत्री गोळा टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि मनातल्या मनात मेहुण्याला उत्तर देत परत फिरायचा. ती उत्तरं फार चांगली होती.

दुसऱ्या आठवड्याचा बुधवार उजाडला. मेहुण्याशी बोलायचं नाही म्हणून मंत्र्यानं पुठ्ठेवाल्याला धरलं होतं. "अरे, या मधल्या देशांनी कितीही उड्या मारल्या तरी जगाचं तेल एका अरुंद सामुद्रधुनीतून जातं. तिथं पहारा कुणाचा? ये, दाखवतो." त्यानं तयार गोळ्यांतला एक उचलला, समुद्रावर बोट ठेवलं आणि जहाज हाकायला सुरुवात केली.

"मंत्रीसाहेब," पुठ्ठेवाला वाकून म्हणाला, "पुढं डोंगर आहे."

डोंगर होता. समुद्र सरळ रेषेत संपला होता आणि पलीकडे बर्फाची शिखरं उभी होती.

"तरीच तेल एवढं महाग झालंय," पुठ्ठेवाला म्हणाला.

मंत्र्यानं खणांकडे पाहिलं. सातव्या खणात आठव्या पाकळ्या होत्या, आठव्या खणात सातव्या. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी नव्या पाकळ्या भरताना, डोक्यात उत्तरं जुळवत असताना, अदलाबदल झाली असणार. सगळ्या पाकळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे जग कुठंही फाटलं नव्हतं. अगदी सफाईदारपणे चुकलं होतं. एक-दोन नव्हे, चौसष्ट वेळा.

तो गोळा घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेला.

"हे तू बघितलं नाहीस?"

"बघितलं की," मेहुणा म्हणाला. "पहिल्याच गोळ्याला."

"मग तोंडात काय मूग होते?"

"तुम्ही 'बघ' म्हणालात का, दाजी? शिवाय आतल्या गोष्टीत पडू नये, असा तुमचाच हुकूम."

"अरे, पण चौसष्ट गोळ्यांवर वॉर्निश मारलंस!"

"चांगलं मारलंय. बोट फिरवून बघा."

मंत्र्यानं नकळत बोट फिरवलं. खरंच चांगलं मारलं होतं. तो स्टुलावर बसला. "परवा तपासनीस येणार," तो म्हणाला. "फायलींवर जाणार रे आपण."

मेहुण्याचा चेहरा आता उतरला. "मला वाटलं, एक-दोन दिवसांत बोलाल तुम्ही," तो हळू आवाजात म्हणाला. "मग संख्या वाढली. मग सांगायची लाज वाटायला लागली." जगातल्या बऱ्याचशा लांबलेल्या युद्धांचं कारण याहून खोल असेल असं वाटत नाही.

बायकोला फोन गेला. ती अर्ध्या तासात दोन केटल्या घेऊन आली. मेहुण्यानं स्पिरिटनं वॉर्निश काढायचं, तिनं वाफ द्यायची, मंत्र्यानं दोन पाकळ्या सोलून शिलकी गठ्ठ्यातल्या नव्या लावायच्या.

"ताई, याची सुरुवात दाजींनी केली."

"मी? त्यानं आधी..."

"जगाचं काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. "तू फडकं पिळ. आणि तुम्ही बोलू नका, तुमची पाकळी वाकडी जाते."

गुरुवारी संध्याकाळी चहाच्या आत काम संपलं. प्रत्येक गोळ्याला "बघ" झालं, "बघितलं" झालं. एका गोळ्याला तर मंत्री तीनदा "बघ" म्हणाला.

शुक्रवारी तपासनीस आले आणि मालकीणबाईंच्या खोलीत बसले. मंत्री, मेहुणा आणि केटल्या परत न्यायला आलेली बायको असे तिघं दाराशी उभे होते. टेबलावर एक गोळा होता. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी नमुना म्हणून नेलेला. दुरुस्त झालेले त्रेसष्टच होते, हे त्या क्षणी तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

तपासनिसांनी गोळा सहज फिरवला. थांबवला. चष्मा पुसला.

"हे असं कधी झालं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "मी दोन दिवस बातम्या पाहिल्या नाहीत."

सगळ्यांनी मंत्र्याकडे पाहिलं. जग फार झपाट्यानं बदलतंय साहेब, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. हल्लीच्या दिवसांत ते खपलंही असतं.

"साहेब, जग आहे तिथंच आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"आणि मी बघून गप्प बसलो," मेहुणा म्हणाला.

तपासनीस शेडमध्ये गेले आणि हाताला लागतील ते तीस गोळे फिरवून पाहिले. तिसाच्या तीस ठिकाणी समुद्र समुद्राला मिळत होता. त्यांनी सही केली. जाताना चुकलेला गोळा मागून घेतला. कुठल्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांच्या लक्षात येतं ते बघायचं होतं.

सुधारित नोंद पुढीलप्रमाणे. धोरण: कणखर, बदल नाही. माघार: एक, साक्षीदारांसमोर. जगाला किती पंच असावेत याबाबत उभयपक्षी मतभेद कायम. चर्चा रोज चहाच्या वेळी. निर्बंध उठवल्याची अधिकृत घोषणा: झालेली नाही.

सकाळी तो दोन डबे घेऊन येतो.