स्लॅबवरचा जवळा

शाश्वत ऊर्जा आणि इमारत तंत्रज्ञान. माझ्या कोर्सचं हे नाव आमच्या वाडीत कुणाला एका दमात म्हणता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही यायचं नाही. लोकांच्या कानात ऊर्जा तेवढी राहायची. ऊर्जा म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे आमच्याकडे तारापूर. मासळी निवडत बसलेल्या काक्या विचारायच्या, "मंग तारापूरला लागशील ना गो नोकरीला?" मी सांगायचे, काकी, कमी विजेत घर थंड कसं ठेवायचं ते आम्ही शिकतो. त्यावर एकीने मला मनापासून सल्ला दिला, "त्याला कालेज कशाला? खिडकी उघड."

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय मला कुठल्याही पुस्तकात शोधावा लागला नाही. तो आमच्या वरच्या खोलीत, भरदुपारी, घामाने निथळत कुशी बदलत होता.

बाबा रात्रभर बोटीवर असतात आणि झोपतात दिवसा. त्यांनी मोठ्या हौसेने कौलं उतरवून स्लॅब टाकला, वर माझ्या अभ्यासासाठी खोली काढली, आणि मी पालघरला वसतिगृहात गेल्यावर ती त्यांच्या वाट्याला आली. उन्हाळ्यात त्या खोलीत पापड भाजून निघाला असता. मग ते उशी काखोटीला मारून सुरूच्या झाडांखाली जायचे. तिथे कुत्री, क्रिकेट आणि चौकशा करणारी माणसं. आदल्या उन्हाळ्यात दोर ओढताना त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तळहात सोलवटून निघाला. "पाण्यात पडलो नाय ना," एवढंच ते म्हणाले. मला मात्र त्यानंतर रात्री समुद्राचा आवाज नकोसा झाला. बाबांना दुपारी झोप लागली पाहिजे, पंखा असो वा नसो, एवढाच माझा प्रकल्प होता. त्याला भारदस्त नाव आमच्या सरांनी दिलं.

प्रकल्पातली माझी जोडीदारीण जव्हारकडच्या डोंगरातली, बोलायला कमी आणि खायला पक्की. आम्ही दोघींनी चुना, गोंद आणि पांढरं सिमेंट कालवून त्या खोलीवरचा अख्खा स्लॅब पांढराशुभ्र केला. ऊन परतवून लावायचं, म्हणजे खोली तापणार नाही, हे त्यामागचं शास्त्र. बाबा जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोर कालेजात चुना लावायला शिकलीय." खोलीत आम्ही एक तापमापक बसवला. त्याचे आकडे थेट माझ्या मोबाइलवर यायचे. निघताना मी आईला बजावलं, "वर कचरा नको, धूळ नको. स्लॅब असाच पांढरा राहिला पाहिजे."

सुरुवातीला खोलीचं तापमान खरंच उतरलं. मी वसतिगृहात सगळ्यांना मोबाइल दाखवत सुटले. आणि मग एका दुपारी आकडा जो चढायला लागला तो पुन्हा पहिल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी चुन्याला दोष दिला, गोंदाला दिला, तापमापकाला तर शिव्याच घातल्या. बाहेरचे परीक्षक थोड्याच दिवसांत घर बघायला येणार होते. पण मला त्यांच्याहून बाबांची काळजी लागली होती. आईला फोन केला तर म्हणाली, "ते गेले झोपाया सुरूखाली."

सुट्टी बघून आम्ही दोघी घरी आलो. जिना चढतानाच वासाने ओळख दिली. वर पाहते तो माझा पांढराशुभ्र स्लॅब गुलाबी-करडा झालेला! या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळा. बोटाच्या पेराएवढी ती कोलंबीची भावंडं, जाळं अंथरून त्यावर लाखोंनी वाळत पडली होती. आमच्या घरचा जवळा, शेजारच्या काकीचा, तिच्या जावेचाही.

मी आईवर उखडले. ती शांतपणे जवळा हलवत म्हणाली, "तूच बोललीस ना, सोच्छ ठेव? मंग सोच्छ जाग्यावर काय वाळत घालायचं, चपला?"

वाळवणाला कुणी जागा मागितली तर नाही म्हणायचं नाही, हा वाडीचा रिवाज. आज तिचा जवळा आपल्या ओट्यावर, उद्या आपले बोंबील तिच्या वलांडीच्या बांबूंवर. आई मोडेल, पण काकीला "जवळा उचल" म्हणणार नाही. आणि मलाही ते तोंड नव्हतं, कारण त्याच ओल्या-सुक्या मासळीवर मी पालघरपर्यंत पोचले होते. मी कठड्याला टेकून बसले आणि चक्क रडकुंडीला आले.

जोडीदारीण एवढा वेळ मूठभर अर्धवट वाळलेला जवळा चघळत उभी होती. म्हणाली, "मावशी, आमच्याकडं दारात मांडव घालतात. वर पेंढा, खाली मानसं. हा जवळा वर चढवला तर?"

सावली! तीन वर्षं वर्गात सावली, हवेचा थर, दुहेरी छप्पर घोकलं आणि पांढऱ्या रंगाच्या नादात नेमकं तेच विसरले. त्याच संध्याकाळी बाबांनी बांबू आणले. कमरेएवढ्या उंचीवर बांबूची चौकट उभी राहिली, तिच्यावर जुनं बारीक जाळं ताणलं, जाळ्यावर जवळा. त्याला आता खालूनही वारा लागू लागला आणि तो लवकर वाळू लागला. जाळ्याचा मागचा कोपरा रिकामा दिसताच काकीने तोही बळकावला. जवळा नसेल तिथे झावळ्या टाकायच्या, एवढं मात्र मी हट्टाने मान्य करून घेतलं.

परीक्षक आले ते टळटळीत दुपारी, रुमालाने मान पुसत. वीज सकाळपासून गेलेली. मी घसा खाकरून पाठ केलेलं सुरू करणार, तोच आई जिन्यात आडवी आली. "हळू बोला जरा, साहेब. मानूस झोपलाय."

साहेबांनी निमूटपणे चपला काढल्या. मग ते वरच्या दारात उभे राहून कुजबुजत प्रश्न विचारू लागले आणि मी कुजबुजत उत्तरं देऊ लागले. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, छताकडे पाहिलं. आपला तापमापक पिशवीतून काढला आणि मग आत पाऊल टाकायचं की नाही या विचारात थबकले.

पंखा बंद होता. बाबा भिंतीकडे तोंड करून घोरत होते, आणि त्यांनी कमरेपर्यंत चादर ओढून घेतली होती.