दीड बार तंबाखूचं इंटरनेट

टेलिफोन खात्यात एखादी फाईल हरवेल, पण किस्सा हरवत नाही. आमच्या वडूज एक्स्चेंजचे निम्मे किस्से एकट्या शिर्के लाइनमनचे. माणूस माणचा, फौजेतून आलेला. मी त्यांचा साहेब, पण कामात ते माझे गुरू.

*

नव्वदीच्या शेवटी वडूजला इंटरनेट आलं, ते कदम मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात. लगेच वरून पत्र आलं, दर आठवड्याला वेग कळवा. मोजायला यंत्र मात्र नाही. शिर्के क्लासात बसले, स्क्रीनवर एक फोटो उघडायला लावला आणि तंबाखू मळायला घेतली.

"सायेब, लिवा. एका फोटूला दीड बार."

मी वैतागून तसंच लिहून पाठवलं. उत्तर आलं, "एका बारास किती सेकंद, ते कळवावे."

*

एकदा लाइन सारखी तुटायची. शिर्केंनी रिसीव्हर कानाला लावला, मोडेमची किरकिर ऐकली. म्हणाले, "ओढ्याकडच्या खांबावर गांधलमाशीनं घर केलंया."

मी हसलो. जाऊन पाहिलं तर खांबावरच्या तारजोडणीच्या डब्यात घर होतं, गांधीलमाश्यांसकट. मग शिर्के हसले.

*

पुढे पुण्याहून साहेब यंत्र घेऊन क्लासात तपासणीला आले. लाइन नापास झाली तर कनेक्शन बंद. नोकरी सोडून मॅडमनी काढलेला क्लास त्यावरच चालायचा. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

त्यातच सकाळी वाऱ्यानं तार तुटली. शिर्के जोडायला गेले ते परतलेच नाहीत. पण लाइन चालू झाली. साहेबांनी वेग मोजला, खूश झाले. "वा, साताऱ्यापेक्षा बरा आहे."

मी सहज खिडकीतून पाहिलं. शिर्के समोरच्या खांबावर होते. पक्कड खाली पडलेली, आणि तारेची दोन्ही उघडी टोकं त्यांनी बोटांनी एकमेकांवर दाबून धरलेली.

साहेब म्हणाले, "आता घंटी बघू. मी शेजारच्या दुकानातून फोन लावतो. मॅडम, पाच वेळा वाजू द्या, मगच उचला."

घंटी वाजताना उघड्या तारेला हात लागला तर झटका बसतो, हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत. मी म्हणालो, "साहेब, घंटी चांगली आहे, राहू द्या." पण ते निघालेच. तार सोडा, असं मी खिडकीतून हात हलवून खुणावलं. शिर्केंनी पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

फोन वाजला. पाचही वेळा, पूर्ण वाजला.