जाळ्याच्या आसाचा आकार

रत्नागिरीच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे कोणी दाखवावे. एक अर्ज मात्र परत न येता भलतीकडे गेला. त्याविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण त्यानंतर माझे शनिवार रिकामे झाले.

भाट्ये पुलापलीकडच्या एका मच्छीमार वस्तीतील शाळेत कोल्हापूरकडच्या एक तरुण बाई त्या वर्षापुरत्या नेमलेल्या होत्या. सहावीच्या मुलांना त्या शनिवारी नेटवर्कचे शास्त्र शिकवीत. वरून लेखी परवानगी आणा, असे मुख्याध्यापकांनी सांगितल्यामुळे त्या माझ्या टेबलापाशी आल्या. विषय काय, असे मी विचारताच त्यांनी माझ्या कोऱ्या कागदावर ठिपके काढून ते रेघांनी जोडले.

"ठिपका म्हणजे माणूस, काका. कोण कोणाशी जोडलेला आहे, ते पाहायचं. रोग कसा पसरतो, अफवा कशी पसरते, ते त्यावरून कळतं. वर्गात गणित कसं पसरतं, तेही."

"गणित पसरते?"

"किंवा अडकतं."

विषय प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मी मसुदा करीत नाही, असे मी त्यांना सांगितले. असा नियम मी त्याच क्षणी केला होता.

शनिवारी गेलो. मुलांना संकोच वाटू नये म्हणून बाईंनी प्रत्येकाला एकेका माशाचे नाव घ्यायला लावले होते. मला पाहून मागून आवाज आला, "काकांना शिंगाला द्या बाई, मिश्या हायत." वर्ग हसला. मग प्रत्येकाला चिठ्ठी मिळाली : अडले की तुम्ही कोणाला विचारता? उत्तरांप्रमाणे बाईंनी फळ्यावर बाण काढले. बहुतेक बाण सौंदाळ्याकडे गेले. सौंदाळा म्हणजे शेवटच्या बाकावरची एक उंच मुलगी. इतक्यांना ती गणित समजावते, हे बाईंनाही ठाऊक नव्हते. मुडदुशी नावाच्या एका लहानखुऱ्या मुलीच्या ठिपक्याकडे मात्र बाण येत नव्हता आणि तिथून निघतही नव्हता. ती वर्षभर बोललीच नव्हती म्हणा ना.

माझ्याकडेही काही बाण आले, कारण त्या मुलांचे वडील माझ्याकडून अर्ज लिहून घेत. माझी स्वतःची चिठ्ठी मी अभिमानाने कोरी ठेवली होती.

"शिंगाल्याकडे सगली येतात," एक मुलगी म्हणाली, "तो कोनाकडेच जात नाय."

"असा ठिपका चुकला, की चूक सगळ्यांकडे पोहोचते," बाई म्हणाल्या. "आणि त्याला सांगणारं कोणी नसतं." हे त्या सर्वसाधारणपणे म्हणत आहेत, असे मी समजलो.

बाईंनी मुडदुशीला सौंदाळ्याशेजारी बसविले. पुढच्या शनिवारी ती मुलगी हळूच म्हणाली, "यो हातचा खयसून आला?" सौंदाळ्याने तिला वजाबाकी पुन्हा करून दाखविली. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरविले. मला सातवीत अपूर्णांक अडले होते. मी कोणाला विचारले नाही; शाळा सोडली. त्या बाकावर बसून मला वाटले, आपल्या वर्गात अशी एक चिठ्ठी फिरली असती तर. मसुद्यास अधिक अभ्यास हवा, असे सांगून मी आणखी चार शनिवार गेलो.

अखेर अर्ज लिहिला. "नेटवर्क हाच शब्द ठेवा," बाई म्हणाल्या. सरकारदरबारी शुद्ध मराठी चालते, शब्द माझ्यावर सोडा, असे मी म्हणालो. शिक्षण विभागाकडे न पाठविता तो थेट जिल्ह्याच्या मुख्य कचेरीत द्यावा, हा सल्लाही माझाच. विषयाची ओळ अशी होती : किनाऱ्यावरील शाळेत मुलांना जाळ्याचे शास्त्र शिकविण्यास परवानगी मिळणेबाबत.

उत्तर येईतो मुख्याध्यापकांनी तास बंद ठेवला. दीड महिन्याने बाई पत्र घेऊन आल्या. ते मासेमारीचे काम पाहणाऱ्या कार्यालयातून आले होते. सदर जाळे कोणत्या प्रकारचे आहे व त्याच्या आसाचा आकार किती, हे कळवावे, असे त्यात लिहिले होते.

"आस म्हणजे काय हो, काका?"

"जाळ्यातले भोक, बाई. त्याच्या मापावरून जाळे कायदेशीर की कसे, ते ठरते."

"आमच्याकडं आस म्हणजे लागून राहिलेली इच्छा." त्या हसल्या. "किती लिहायची?"

त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते. मी नवा कागद घेतला आणि या व्यवसायात प्रथमच दुसऱ्याने सांगितले तसे लिहीत गेलो. शब्द, कार्यालय, सर्व त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

परवानगी मे महिन्यात माझ्या पत्त्यावर आली, बाईंच्या नावे. त्यांची नेमणूक तोवर संपली होती आणि त्या गावी परतल्या होत्या. मी फोन केला.

"वाचून दाखवा ना."

मी अटी-शर्तींसह वाचून दाखविली.

"विषयाची ओळ परत वाचा, काका."

परत वाचली. पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारीत होते. त्या गेल्या नाहीत.

"मुडदुशीला आता कुणाशेजारी बसवतील?"

"ते हुकमात नाही, बाई."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी हुकमाची प्रत घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी ती आदराने फाइलला लावली. शिकविणारे कोणी नाही, असे ते म्हणाले, आणि ते खरे होते. सातवीच्या दारातून मी आत पाहिले. मुले उंचीप्रमाणे बसविली होती. मुडदुशी पहिल्या बाकावर होती, सौंदाळा शेवटच्या.