एक पक्षी पाण्यावर असेपर्यंत

आमच्या तळ्यावर थंडीत येणाऱ्या बदकांना आम्ही लालडोकी म्हणतो. पुस्तकात दुसरं नाव असेल. नराचं डोकं भाजलेल्या विटेसारखं, छाती काळी, पाठ राखाडी. मादी चिखलाच्या रंगाची, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. बाकीची बदकं काठाला शेपूट वर करून खातात, ही अख्खी आत जातात. तळातले कंद, गोगलगायी उकरतात आणि भलतीकडेच वर येतात. पाय पार मागे, शेपटीपाशी. त्यामुळे पाण्यात त्यांच्यासारखं कुणी नाही, आणि जमिनीवर चालली की वाटतं दारू पिऊन आलीत. उडायचं तर जागच्या जागी उठता येत नाही. पाण्यावर पट् पट् पाय मारत लांबवर धावायचं, तेव्हा कुठे अंग उचलतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ह्या पायांमुळे आणि माझ्या मुलामुळे झालं. गाव म्हणतं माझ्यामुळे झालं. गावाने म्हणावं.

गाव आमचं पूर्णा गावाच्या अलीकडे. आता चारी बाजूंनी गोदामं. तळं सगळ्या भावकीचं, पण तळ्याचा मान आमच्या एका घराचा. मान असा, की लालडोकी पाण्यावर आहेत तोवर तळ्यात जाळं पडायचं नाही. जाळं तळाशी लावतात, आणि हे पक्षी तळाशी जातात. अडकतात, बुडून मरतात, आणि मरता मरता जाळ्याच्या चिंध्या करतात. म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं, आधी पक्षी जाऊ देत, मग मासे धरा. दयाबिया काही नाही, जाळ्याची काळजी. होळीच्या आसपास पक्षी उठतात. आमच्या घरच्या कर्त्याने रोज सकाळी बांधावर जायचं, पाणी बघायचं. एकही पक्षी उरला नाही की नारळ फोडून ओरडायचं, "पाणी सुटलं!" त्या ओरडण्यासाठी अख्खं गाव जाळी खांद्यावर घेऊन बांधाखाली ताटकळायचं. शाळेने मला चौथीतून घरी पाठवलं, पण होळीच्या दिवसांत मास्तरसुद्धा माझ्या बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. बापानंतर माझ्या तोंडाकडे बघू लागले.

पुढे रंगाच्या कारखान्यांचं पाणी ओढ्यातून तळ्यात आलं. मासा खायच्या लायकीचा राहिला नाही. जाळी घराघरांत माळ्यावर गेली. पक्षी येत राहिले, थोडे थोडे कमी होत. मीही बांधावर जात राहिलो आणि नारळ फोडून ओरडत राहिलो. ऐकायला कुणी नसायचं. आमची म्हातारी, म्हणजे बायको, म्हणायची, "अवो, भिंतीला सांगून या, ती तरी ऐकंल."

मग मुलाने आणि भावकीने ठरवलं, तळं भरायचं आणि वर गोदाम बांधायचं. देवळात बसले सगळे. माझ्याशिवाय सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "भरा. पण पाणी सुटल्यावर."

चुलतभाऊ म्हणाला, "म्हंजे कधी, दादा?"

"पक्षी उठले की. मी सांगीन तवा. एक जरी पक्षी पाण्यावर असला तर डंपरचं चाक बांधावर चढायचं न्हाय."

सगळ्यांनी देवासमोर हो म्हटलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याने मान ठेवायला काहीतरी मागितलं, देऊन टाका. माझा मुलगा नुसता हसला. तो हसला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो माझाच मुलगा, शब्द मोडणार नाही. शब्दाला भोक कुठे आहे ते शोधील.

पौष चालू होता. पाणी पक्ष्यांनी भरलेलं. होळीपर्यंत थांबायचं म्हणजे डंपरवाला दुसरीकडे जाणार. एका सकाळी मी बांधावर पोचायच्या आत मुलगा तिथे. बरोबर लग्नात उरलेल्या फटाक्यांच्या माळा आणि सुतळी बॉम्ब.

"काय करतंस रं?"

"काय न्हाय बाबा. पक्षी उठले की पानी सुटतं ना? मंग उठवतो."

आणि लावली वात. काठाची बदकं सरळ वर उडाली आणि गेली, एका दमात. लालडोकी मात्र भ्याली की उडत नाहीत, आत जातात. पहिल्या आवाजाला पाणी रिकामं झालं. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं!" श्वास संपला तसं एकेक डोकं वर आलं. त्याने परत बॉम्ब फेकला. परत आत. वर आली, परत फेकला. तासभर चाललं. शेवटी दमून ती सगळी एकदम धावायला लागली, पाण्यावर पट् पट् पट्, पूर्वेकडे. एवढं धावल्यावर पक्षी वर येतो तो हळूच, तिरपा. आणि पूर्वेच्या बांधावर मुलाने भरावाच्या कामासाठी आधीच दोन खांब रोवून दिव्याची वायर ताणली होती. पक्ष्याला वायर दिसत नाही. बाकीचे वरून गेले. एक मादी वायरीवर आदळली आणि दगडासारखी पाण्यात पडली.

मुलगा म्हणाला, "गेली ती. फोडा नारळ."

आम्ही बघत राहिलो. ती वर आली. एक पंख धड, दुसरा पाण्यावर फडक्यासारखा पसरलेला. तिने धावायला सुरुवात केली. एकाच पंखाने सरळ धावता येत नाही. गोल फिरली, पुन्हा गोल फिरली.

मी म्हटलं, "एक हाय."

"बाबा, ती आता कदी उडनार न्हाय."

"मंग कदी सुटनार न्हाय."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. वायर त्याची, बॉम्ब त्याचे. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात.

त्यानंतर मी खुर्ची बांधावर नेली. सकाळी जायचो, ऊन चढलं की जांभळीखाली सरकायचो. कुत्री येत, त्यांना दगड मारायचो. कावळे येत, त्यांनाही. मूठभर भात पाण्यात टाकायचो. ती बुडी मारून तळाशी दाणे वेचायची. जीव लावला, ओळख झाली, असलं काही लिहिणार नाही, झालंच नाही ते. मी दिसलो की ती आत जायची. रोज. मी तिला भात घालत होतो कारण ती जगली तर माझा शब्द जगत होता. ती आत का जायची ते तिलाच माहीत, पण अक्कल होती तिला.

गावातल्या पोरांनी तिचं नाव मालकीणबाई ठेवलं. गाडीवरून जाता जाता ओरडायचे, "काका, मालकीनबाईंची तब्येत कशीय?" "काका, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवा!" भावकी घरी येऊन बसायची, चहा प्यायची, माझ्याशी न बोलता उठायची. मुलगा जेवताना माझ्या ताटासमोरून उठून जायचा. जाऊ दे. त्याला भूक लागायची, मला नाही.

म्हातारी एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या बापाच्या टायमाला असाच एक लंगडा मागं राहिला हुता."

"बरं मंग?"

"मंग काय. मामंजींनी मान मुरगळली, मला कालवन करायला दिलं, आन बांधावर जाऊन नारळ फोडला. दुपारपातुर गाव मासं धरत हुतं."

"तवा गावाला मासं पायजे हुतं."

"आन आता तुमाला काय पायजे?"

मी भाकरी खाल्ली. ती बाई जन्मभर माझ्याशी अशीच बोलत आली आहे, आणि तिचं खरं असतं.

होळी गेली. उत्तरेकडे जाणारे पक्षी वरून जाऊ लागले. सकाळी आकाशात रांगा दिसायच्या. अशी रांग गेली की ती मादी पाण्यावर धावायची. धड पंख आपटायची आणि गोल फिरायची. दोन-तीन वेळा फिरून थांबायची, चोच उघडी टाकून. मी बघायचो. ते बघायला गावातलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सुनेने कुणाला तरी फोन केला. एक मुलगी आली, पक्ष्यांची डॉक्टर, ठाण्याकडची. बरोबर भोकं पाडलेला खोका. बांधावर बसून दुर्बीण लावून तिने बराच वेळ बघितलं.

"आजोबा, हाड वाकडं जुळलं असेल, तरी अजून बसवता येईल. आणखी महिना गेला तर नाही येणार."

"तिला धरनार कशी? जवळ गेलं की बुडते ती."

"जाळं लावावं लागेल. पाण्याखाली. मी इथेच थांबते, अडकली की लगेच काढते."

मी म्हटलं, "पक्षी पान्यावर असताना ह्या तळ्यात जाळं पडत नाय."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू गेलं. तिने मला नीट समजावून सांगितलं, रागावली नाही. म्हणाली, हे पक्षी जगातच कमी होत चाललेत. त्यातही माद्या कमी. नर उत्तरेतच थंडी काढतात, माद्या जास्त लांब, आपल्याकडे खाली येतात, आणि लांब येतात म्हणून जास्त मरतात. एक मादी वाचली तर तेवढीच. म्हणाली, तिच्या अंगाला आपला वैशाख सोसणार नाही.

मुलगा मागे उभा होता. म्हणाला, "बाबा, नेऊ दे ना तिला. बिचारीचा जीव वाचंल. तुमचं पन नाव हुईल."

"तुला तिची दया कदीपासून आली रं? बॉम्ब संपल्यापासून?"

मुलीला बॉम्बचं माहीत नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघांत फारसा फरक दिसला नसावा. खोका उचलून जाताना म्हणाली, "आजोबा, त्यांनी तिचा पंख मोडला. पण कोंडलंय तुम्ही."

सूनबाईने रात्री ताट आदळून वाढलं. मी जेवलो.

ती डॉक्टर मुलगी आणखी दोनदा आली. मुलगा तिच्या बाजूने, सून तिच्या बाजूने, भावकी तर गाडी करून तिला आणायला तयार. पण माझ्यादेखत पाण्यात जाळं टाकायला गावातला एक हात पुढे झाला नाही. जाळ्याचा मान जुना, आणि वर देवासमोर माझ्या शब्दाला हो म्हटलं होतं ना. एरवी काय काय विकून बसलेली माणसं, ती इथे अडली. मला त्यांचा तेवढा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

चैत्रात पाणी मागे हटलं. ओढ्याकडून जे यायचं ते मुलाने भराव टाकून आधीच अडवलं होतं. ओढा देवासमोरच्या बोलण्यात नव्हता. माझ्या शब्दाला त्याला सापडलेलं ते दुसरं भोक. तळ्याचं डबकं झालं. डबक्याचं ताट झालं. कडेला भेगा, मध्ये काळं निळं पाणी, आणि त्यात ती. बुडी मारायची, पण पाठ झाकायची नाही. आत गेल्यासारखं करायची आणि सगळी बाहेरच. दुपारी चोच वासून बसायची, गळ्याखाली धडधड दिसायची. मी घरून घागरी नेऊन ओतू लागलो. भर उन्हात, ह्या वयात. म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "मला ताप आला तवा येक तांब्या न्हाय दिला कदी."

एका सकाळी गेलो तर ती पाण्यात नव्हती. चिखलावर आली होती, ओढ्याच्या दिशेने. पोटाने घसटत आल्याची रेघ होती, दोन्ही बाजूंना पायांचे ओरखडे. असल्या पायांनी ती तेवढं चालली. भरावाच्या पायथ्याशी पोचून तिथेच पडली होती, मान लांब करून. मुंग्या डोळ्यांना लागल्या होत्या. भरावापलीकडे ओढ्याला पाणी होतं. तिला वास आला असेल किंवा आवाज.

तिला चिखलात दाबून टाकलं असतं तर मला पावसाळ्यापर्यंत रेटता आलं असतं. आत गेलीय, येईल वर, म्हणालो असतो. माझ्या तोंडाकडे बघण्याशिवाय गावाला दुसरा उपाय नव्हता. तसं मनात आलं. पण मग माझ्या मुलात आणि माझ्यात काय फरक राहिला?

घरी जाऊन नारळ आणला. वाटेत मुलगा भेटला. नारळ बघून त्याला कळलं. तो मागे मागे आला नाही, तेवढी लाज त्याला आहे. बांधाच्या दगडावर मी नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, खोबरं वाळून गोटा झाला होता. मग बापासारखा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "पाणी सुटलं!" आवाज मोठा निघाला. ह्या वयात इतका निघेल असं वाटलं नव्हतं.

भरावावर डंपर उभा होता, महिनाभर तिथेच. ड्रायव्हर आत झोपलेला, तो उठून बसला. खिडकीतून डोकं काढून इकडे तिकडे बघितलं.

"क्या हुआ चाचा? किसको बुला रहे हो?"

"किसी को नहीं," मी म्हटलं. "भर तू."

"इधर से चालू करूं? वो कुछ पडा है उधर, मुर्गी है क्या?"

"लालडोकी है."

"हटाऊं?"

"नाही. उसके ऊपर ही डाल."

तो हसला, गाडी चालू केली, मागे घेतली. मी बांधावरून हललो नाही. माझ्या घराचा मान होता, शेवटपर्यंत उभं राहायचा.