मेनोनाइट अंकलचा खर्ज

बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या कॉन्डोत लिफ्ट आली की वरच्या मजल्यावरचे कॅनडियन अंकल म्हणतात, "आधी तुम्ही." आत जागा असली तरी ते मागेच राहतात. मला कधीकधी रागच येतो.

अंकल मेनोनाइट आहेत. साधं राहणारा, शस्त्र न धरणारा हा ख्रिस्ती पंथ. परवा कॅनडातल्या त्यांच्या गावात पहिल्या मेनोनाइट कुटुंबांच्या आठवणीसाठी शिळा बसवली. अंकलचं वायफाय नेमकं बंद, म्हणून व्हिडिओ कॉलवरून कार्यक्रमात सामील व्हायला ते आमच्या लॅपटॉपसमोर येऊन बसले.

गाव वाद्यांशिवाय गाऊ लागलं. अंकलनीही डोळे मिटून असा खर्ज लावला, की टेबलावरचे कप थरथरले. तेवढ्यात मला दिसलं, माइक बंद! मध्येच थांबवायचं तरी कसं? गाणं संपेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

"अंकल, तुमचा आवाज तिकडे गेलाच नाही हो!"

"मीच बंद केला," ते म्हणाले. "इथला आवाज उशिरा पोहोचतो. त्यांचा ताल बिघडला असता."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

इतक्यात पडद्यावर त्यांची म्हातारी बहीण हसत पुढे आली. "तुझे ओठ दिसत होते हं आम्हाला! आमची ओळ संपली, की मग तुझी. लहानपणापासून मेला सगळ्यांच्या मागे!"