फुईचा वाफारा

मला वाटलं होतं, बेंगळुरूहून वनस्पतींच्या औषधी घटकांवर शिकून मी ब्राह्मणपुरीला परतले, की गावातल्या बाया मला खास माहिती सांगतील. दम्यावर कोणता पाला, सुजेवर कोणतं मूळ! प्रत्यक्षात काय? दमेकऱ्यांच्या खिशात पंप, आणि माझा लाडका अडुळसा शेताच्या कुंपणाला. का? तर शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून!

मग मी जो घोळ घातला तो ऐका. हसा खुशाल, पण फुईसमोर नको. फुई म्हणजे माझी आत्या, जुनी दमेकरी.

"फुई, श्वासनळी मोकळी करणारा घटक आहे या पानांत. अजून बरंच तपासायचंय, पण..."

"तपासानं शे तं बकरीवर तपास! माले मन्हा पंप शे."

मी ऐकते होय? पानं वाळवली आणि शहाद्याच्या चक्कीवर नेली. दिवस मिरचीचे. चक्कीवाले सलीमचाचा शिंकत म्हणाले, "बेटी, सकाळपासून तिखट दळतोय. आधी दोन पसे ज्वारी घालतो, चक्की साफ होईल."

ज्वारी? माझ्या शुद्ध नमुन्यात?

"नाही चाचा! यात दुसरं काही मिसळायचं नाही. एक दाणासुद्धा नाही!"

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ठीक है बेटी. पढी-लिखी तुम हो."

पूड जराशी लालसर दिसली. मी म्हटलं, वाळल्यावर पानांचा रंग बदलतोच! शिक्षण असं उपयोगी पडतं बघा.

संध्याकाळी फुईला गळ घातली. दारं-खिडक्या लावल्या, उकळत्या पाण्यात मूठभर पूड टाकली, फुईच्या डोक्यावर चादर घातली. पंप? तो मध्ये नको म्हणून शेजारच्या खोलीत ठेवला. मीच!

चादरीतून पहिला ठसका आला.

"कफ सुटतोय!" मी आनंदाने ओरडले.

"कफ नही, जीव सुटी ऱ्हायना! दार उघाड!"

"डोळ्यांतून पाणी येतंय का फुई?"

"तुले येडं लागनं का पोरी?"

मी वाकून वास घेतला, आणि माझाच घसा पेटला. मिरची! तेवढ्यात फुईचं ओरडणं थांबलं. नुसती छातीतली शिट्टी. खरं सांगते, इतकी कधीच घाबरले नव्हते. डोळे उघडेनात. भिंत चाचपत शेजारच्या खोलीत गेले, फळीवरचे दोन डबे पाडले, तेव्हा कुठे पंप हाताला लागला. पंप देऊन तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. तिथे मास्क लावल्यावर हळूहळू शिट्टी थांबली. तिचे पहिले शब्द, "बंगलोरले हाईच शिकनी का?"

डॉक्टरांनी विचारलं, "काय केलं होतं?" मी म्हटलं, "वाफ दिली." पुढचं गिळलं. लाजच इतकी वाटली!

रात्री उशिरा फुईला घरी आणलं. सकाळी दार उघडते तर काय, गल्लीतल्या तीन बाया हातात वाट्या घेऊन उभ्या! सगळ्यांत पुढे शेजारच्या सुमनकाकू.

"काल तुम्हना घरमाईन वास उना नि मन्हं महिनाभरनं चोंदेल नाक मोकळं झायं! ते औषध आम्हले बी दे."

गावानं पहिल्यांदाच माझ्याकडे औषध मागितलं होतं. आतून फुई खोकली. एक क्षण, फक्त एकच क्षण, मोह झाला. मग ठरवलं, या दारातच सगळं खरं सांगायचं, आणि नंतर जाऊन डॉक्टरांनाही.

"काकू, ते औषध नाही. ती माझी चूक आहे. आणि ती वाटीत घालून द्यायची नसते."