बिनदाताचा मासा आणि लालीबाईंची नळी

राळेगावकडच्या एका बंजारा तांड्यावर मी गुरुजी आहे. शाळेचं छत गळायला लागलं म्हणून प्राचीन माशांचा तक्ता मी मंदिराच्या ओसरीत टांगला, आणि तिथून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

त्या ओसरीत लालीबाई बसतात. तांडा त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणतो. पंच्याहत्तरी उलटलेली, तोंडात औषधालाही दात नाही, पण जीभ अशी की भलेभले वाट बदलतात. तक्त्यावरचा चिलखती मासा पाहून म्हणाल्या, "हा कायले नवरीवानी दागिने लादून राह्यला?"

मी सांगितलं, डोक्यापासून छातीपर्यंत हाडाचं चिलखत घातलेला हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राज्य करायचा. तिथंच थांबायला हवं होतं. पण शिकवण्याची खोड वाईट. म्हणालो, "याला दात नव्हते. जबड्याच्या हाडाच्या धारेनंच मोठमोठे मासे फाडायचा."

याडी ताडकन उठल्या.

त्यांचं दुखणं साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. मागल्या वर्षी मटणाची बोटी घशात अडकली, तेव्हापासून सून संगीताबाई त्यांना नुसता रस्सा वाढायच्या. बोकड कापला की घरोघरी सारखा वाटा जातो. याडीच्या वाट्याची नळी, म्हणजे मज्जेचं हाड, मात्र भलताच कुणी चोखायचा. त्या नळीसाठी म्हातारी झुरत होती. मला तिची खरंच दया यायची.

तांड्यातलं भांडण तांड्याच्या प्रमुखापुढे, म्हणजे नायकापुढे जातं. पुढच्या बोकडाच्या दिवशी नायक देवीलाल संगीताबाईंकडेच जेवायला होते. याडीनं तक्त्यासकट मला ओढून नेलं आणि ताटावरच पंचायत भरवली.

"दात नसून हा समुद्राचा राजा होता, नायक. इच्यारा गुरुजीले!"

मी मान हलवली. संगीताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तक्ताच तोंडापुढे धरला.

"मागच्या टायमाले याडी निळी पडली होती. माह्या तोंडचं पाणीच पळालं," त्या म्हणाल्या. "अन् गुरुजी, तो मासा आता कुठी हाये?"

"नामशेष झाला," मी पुटपुटलो. "एकही उरला नाही."

नायकांनी मिशीवर हात फिरवला. त्यांच्या मते निकाल सुनेच्या बाजूनं लागला होता.

याडी सुनेकडे वळल्या. "तुह्या सासऱ्याचे बत्तीसही दात शाबूत होते. तो कुठी हाये?"

संगीताबाईंनी पातेल्यातली नळी काढून याडीच्या ताटात ठेवली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्यांना अगदी चिकटून बसल्या.